माण ते जत: लांडग्यांच्या जनुकीय विविधतेची नोंद कशी ठेवायची आणि तिच्यावरून काय करायचं

सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जतच्या माळांवर लांडगा आहे, हे मेंढक्यांना कुणी सांगायला नको. बाकीचे सगळे एकच विचारतात: किती आहेत? छोट्या समूहाच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे. विणाऱ्या जोड्या किती, आणि बाहेरून येऊन इथे पिल्लं घालणारा नवा लांडगा किती वर्षांनी येतो, या दोन गोष्टींवर त्याचं पुढचं ठरतं. दोन्हींची उत्तरं विष्ठेतल्या डीएनएमधून मिळतात. लांडगा पकडावा लागत नाही, दिसावाही लागत नाही.

हा लेख वनविभागाबरोबर काम करणाऱ्या निसर्गप्रेमी गटांसाठी, प्राणिशास्त्राच्या विभागांसाठी आणि माळावर रोज फिरणाऱ्या जाणत्या लोकांसाठी आहे.

आधी थोडं गणित

एखाद्या समूहात दर पिढीला जनुकीय विविधता किती घटते, याचं सूत्र साधं आहे: १ भागिले (२ × परिणामकारक संख्या). परिणामकारक संख्या म्हणजे डोकी नव्हेत. प्रत्यक्षात पुढच्या पिढीत कितीजणांची जनुकं जातात, त्याचा तो हिशेब.

उदाहरणापुरते सहा कळप आणि ३५ लांडगे धरू. कळपात बहुतेक वेळा एकच जोडी विते, म्हणजे प्रजनन करणारे १२. त्यातही काही जोड्यांची पिल्लं जगतात, काहींची सगळी जातात, त्यामुळे परिणामकारक संख्या आठ-दहावर येते. १० धरली तर दर पिढीला ५ टक्के विविधता जाते. लांडग्याची पिढी साधारण ३ ते ४ वर्षांची. दहा पिढ्यांत, म्हणजे ३० ते ४० वर्षांत, मूळच्या विविधतेतली जेमतेम ६० टक्के उरते. हीच संख्या ५० असती तर ९० टक्के उरली असती. कळपांची संख्या तीच राहूनही हे घडतं, म्हणून नुसत्या मोजणीत ते दिसत नाही.

जवळच्या नात्यातल्या जोड्यांचं गणित याहून जलद चालतं. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) ०.२५ येतो, सावत्र भावंडांच्या पिल्लांचा ०.१२५. स्वीडन-नॉर्वेतला लांडग्यांचा समूह १९८३ साली एका जोडीपासून सुरू झाला. तिथल्या नोंदींत गुणांक ०.१ने वाढला की पहिल्या हिवाळ्यापर्यंत टिकणारी पिल्लं दर वेतामागे सरासरी १.१५ने कमी झालेली दिसली. १९९१ मध्ये तिथे पूर्वेकडून एक नर आला आणि दहाच्या आत अडकलेला समूह पुढच्या दशकात शंभराच्या घरात गेला.

अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटाची गोष्ट याच्या पुढची. १९९७ मध्ये बर्फावरून एक नर तिथे पोचला आणि त्याच्या पिल्लांनी समूह सावरला. पण काही वर्षांत बेटावरचे बहुतेक लांडगे त्याचेच वंशज झाले, पुन्हा आपसांतच जोड्या लागल्या आणि २०१६ पर्यंत दोनच उरले. पुढे २०१८-१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. तेव्हा पाहुणा एकदा येऊन भागत नाही. ढोबळ नियम असा आहे की दर पिढीला निदान एक बाहेरचा प्राणी यावा आणि त्याची पिल्लं जगावीत. नुसता येऊन रस्त्यावर मेलेला लांडगा या हिशेबात धरत नाहीत.

आपला पट्टा असा तुटलेला आहे का? कागदावर पूर्वेला सांगोला-माळशिरस, उत्तरेला फलटणमार्गे बारामती-इंदापूर आणि दक्षिणेला अथणी-विजयपूरचा माळ जोडलेला दिसतो. मध्ये मात्र टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे कालवे, त्यांच्या पाण्यावर वाढलेली ऊस, द्राक्ष, डाळिंबाची कुंपणबंद शेती, पवनचक्क्यांचे रस्ते आणि रुंद झालेले महामार्ग आहेत. लांडगा हे सगळं ओलांडतो की नाही, ते नकाशा सांगत नाही. नमुन्यांवरूनच कळतं.

परवानगी

लांडगा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. विष्ठा गोळा करायची असली तरी लेखी परवानगीशिवाय सुरुवात करू नका. अर्ज सातारा किंवा सांगलीच्या उपवनसंरक्षकांमार्फत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आटपाडी आणि मायणी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथल्या वाटा अर्जात वेगळ्या दाखवा. अर्जाला उद्देश, नकाशा, नमुन्यांची संख्या, गोळा करणाऱ्यांची नावं आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचं संमतिपत्र जोडावं लागतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही वन्यजीव प्रयोगशाळा, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था अशा ठिकाणी हे काम होतं. संमतिपत्र आधी मिळवा. नमुने जमवून मग प्रयोगशाळा शोधायला निघालेल्यांचे नमुने फ्रीजरमध्येच म्हातारे होतात. फाइल फिरायला वेळ लागतो, म्हणून हिवाळ्यात काम करायचं तर अर्ज उन्हाळ्यातच टाका.

हंगाम आणि वाटा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते, ऊन कमी तापतं. पावसाळ्यात गोळा केलेल्या विष्ठेतून डीएनए मिळण्याची आशा फारशी धरू नका; पाणी आणि बुरशी दोन्ही त्याचे तुकडे करतात. एप्रिल-मेच्या उन्हातली अतिनील किरणंही तेच करतात.

मात्र याच हिवाळ्यात मादी विते. समागम ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास, गर्भकाळ ६१ ते ६३ दिवस, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी हे पिल्लांचे महिने. बिळाजवळ भरपूर विष्ठा मिळेल म्हणून तिकडे वळणं हा या कामातला सगळ्यात मोठा अपराध. माणूस येऊन गेला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, त्या धावपळीत पिल्लं दगावतात. शिवाय तुमची पायवाट बघून बिळात धूर घालणारेही पोचतात. बीळ लक्षात आलं की ५०० मीटर लांबून वळा आणि तिथे मार्च अखेरपर्यंत फिरकू नका.

नकाशावर ५ × ५ किलोमीटरचे चौकोन आखा. भारतातल्या माळावरच्या कळपाचं क्षेत्र साधारण १५० ते ३०० चौरस किलोमीटर असतं, म्हणजे एक कळप सहा ते बारा चौकोनांत फिरतो. प्रत्येक चौकोनात ५ किलोमीटरची वाट ठरवा: बैलगाडीचे रस्ते, मेंढ्यांच्या पायवाटा, नाल्याची कोरडी पात्रं, वनविभागाच्या हद्दीचे चर. लांडगा वाटांच्या तिठ्यावर, गवताच्या ठोंबावर, उंचवट्यावर मुद्दाम विष्ठा टाकतो. मेलेल्या कोंबड्या टाकायच्या जागा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. तिथे लांडगा आणि कुत्रा दोघेही येतात, आणि पुढे येणाऱ्या लांडगा-कुत्रा संकराच्या प्रश्नात या जागा फार महत्त्वाच्या ठरतात.

पहिल्या फेरीत काहीही गोळा करायचं नाही. सापडलेली प्रत्येक विष्ठा नोंदवून वाटेवरून बाजूला सारायची. चार-पाच दिवसांनी त्याच वाटेवर जे सापडेल, ते पाच दिवसांच्या आतलं असणार. ताजेपणा डोळ्यांनी ठरवायचा वाद यामुळे संपतो. ही फेरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते आणि मग प्रयोगशाळेतून अर्ध्याहून जास्त नमुने 'डीएनए नाही' म्हणून परत येतात.

नमुने किती लागतील? अंदाजे जितके लांडगे, त्याच्या अडीच ते तीनपट यशस्वी नमुने हवेत. ३५ लांडग्यांसाठी सुमारे १००. निम्म्या नमुन्यांतून पूर्ण निकाल मिळेल असं धरलं तर लांडग्याच्या २०० विष्ठा, आणि ओळखण्यातली चूक धरून ३०० गोळा कराव्या लागतील. दोन माणसं एका सकाळी १० किलोमीटर नीट बघत चालतात. ६० चौकोन, चार जोड्या, म्हणजे एका फेरीला आठ सकाळी. साफ करायची एक आणि गोळा करायच्या दोन अशा तीन फेऱ्यांना २४.

कुणाची विष्ठा?

लांडग्याची विष्ठा बहुधा अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जाड, पिळदार, केसांनी भरलेली आणि टोकाला निमुळती. कोल्हा आणि खोकड यांची बारीक असते. तरसाची वाळून पांढरी पडते आणि बऱ्याचदा एकाच जागी ढीग सापडतो. गावठी कुत्र्याची पिठाळ, केस नसलेली. पण मेलेल्या मेंढीवर पोट भरलेल्या कुत्र्याची विष्ठा हुबेहूब लांडग्यासारखी दिसते, आणि इथे मेंढरं भरपूर आहेत. म्हणून शंका असेल तरी घ्या. निवाडा डीएनए करील.

सामान आणि नमुना घेण्याची रीत

लागेल ते असं: १५ मिलिलिटरच्या झाकणाच्या नळ्या, ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉल, सिलिका जेल, झिपलॉक पिशव्या, एकदाच वापरायच्या लाकडी काड्या, ग्लोव्हज, मास्क, व्हर्नियर किंवा साधी पट्टी, जीपीएस आणि शिसपेन्सिल. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालत नाही. त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात. शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तेव्हा परवाना असलेल्या कॉलेजच्या विभागामार्फत घेणं सोपं.

विष्ठा दिसली की आधी पट्टीसकट फोटो. मग नवे ग्लोव्हज. प्राण्याच्या आतड्याच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या पातळ थरावर असतात, आतल्या केसांत आणि हाडांत नसतात. म्हणून सावलीकडच्या बाजूने, दोन-तीन जागांवरून फक्त वरचा थर काडीने खरवडा. नळीत ८ मिलिलिटर इथेनॉल, त्यात २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. एकास चार हे प्रमाण मोडलं की मध्यभाग सुकत नाही आणि सडतो. प्रत्येक विष्ठेच्या दोन नळ्या करा. एक प्रयोगशाळेला, एक राखीव. काडी आणि ग्लोव्हज दर नमुन्याला बदला. उरलेली विष्ठा वाटेवरून काढून टाका, नाहीतर पुढच्या फेरीत तीच पुन्हा मोजली जाते.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून नळीत टाका आणि तोच क्रमांक बाहेरही लिहा. मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने पुसते. तालुका, चौकोन, तारीख, क्रम एवढा संकेतांक पुरे. वहीत जागेचा प्रकार, जाडी, ऊन की सावली, दव होतं का, हेही येऊ द्या. एखाद्या विष्ठेवर कुत्रा मुतलेला दिसला तर ती सोडून द्या, कारण निकालात दोन प्राणी मिसळून येतात. दर २० नमुन्यांमागे एक नळी माळावर उघडून, रिकामी काडी बुडवून बंद करा. या कोऱ्या नळीत डीएनए सापडला तर हाताळण्यात कुठेतरी मिसळ झाली, हे कळतं.

२४ ते ३६ तासांनी इथेनॉलमधला नमुना बाहेर काढून, टिपकागदात गुंडाळून सिलिकाच्या पिशवीत ठेवला तर जास्त टिकतो. सिलिका नमुन्याच्या वजनाच्या निदान पाचपट हवी. निळे खडे गुलाबी झाले की बदला. दुसरा फायदा व्यवहाराचा: इथेनॉल ज्वालाग्राही म्हणून कुरिअरवाले घेत नाहीत, सुका नमुना घेतात. राखीव नळ्या उणे २० अंशांवर ठेवा.

आरोग्याची एक गोष्ट गंभीरपणे घ्या. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या विष्ठेत एकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात. माणसाच्या यकृतात-फुफ्फुसात त्यांच्यामुळे पाण्याच्या गाठी होतात, आणि इथेनॉलने ती अंडी मरत नाहीत. सुकी विष्ठा हाताने फोडू नका, वास घेऊ नका, जेवणाचा डबा त्याच पिशवीत ठेवू नका. प्रयोगशाळेत उणे ८० अंशांवर काही दिवस गोठवूनच पुढचं काम करतात.

मारलेल्या मेंढीवरची लाळ आणि मेलेला लांडगा

ताज्या मारलेल्या मेंढीच्या गळ्यावरच्या जखमांतून लाळेचा नमुना मिळतो. निर्जंतुक कापसाची काडी थोडी ओलसर करून दातांच्या खुणांभोवती फिरवा आणि कागदी पाकिटात सुकवा. ज्या जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळलं आहे तीच घ्या. ती जिवंतपणी झालेली असते. खाल्लेल्या मांडीवर नंतर आलेल्या कुत्र्याची लाळ असते. २४ तासांच्या आत, पंचनामा करणाऱ्या वनरक्षकाच्या समोर आणि मालकाला विचारून हे करा. मारेकरी लांडगा होता की कुत्रा, हेही यातून कळतं.

गाडीखाली मेलेला लांडगा दिसला तर १९२६ वर कळवा, हात लावू नका. शवविच्छेदनाच्या वेळी कानाचा किंवा स्नायूचा एक सेंटिमीटरचा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवायची विनंती वनविभागाला आधीच लेखी देऊन ठेवा. अशा एका तुकड्यातून मिळणारा डीएनए विष्ठेच्या कित्येक नमुन्यांपेक्षा सरस असतो, आणि तो बहुधा जाळला किंवा पुरला जातो.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

पहिली पायरी प्रजाती ओळखण्याची, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएवरून. तो फक्त आईकडून येतो, हे कायम ध्यानात ठेवा. लांडगीला कुत्र्यापासून झालेलं पिल्लू या तपासणीत शुद्ध लांडगा दिसतं, आणि संकर बहुधा याच दिशेने होतो. म्हणून या पायरीवर थांबून 'आमच्याकडे संकर नाही' असं जाहीर करू नये. पुणे जिल्ह्यातल्या लांडगा-कुत्रा संकराचा पुरावा केंद्रकातल्या जनुकसंचाच्या अभ्यासातूनच मिळाला.

दुसरी पायरी प्रत्येक प्राण्याची वेगळी ओळख. १२ ते १५ मायक्रोसॅटेलाइट खुणा (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी खुणांचा (डीएनएतल्या एकेका अक्षराचा फरक) संच लागतो. सख्खी भावंडं एकसारखी दिसण्याची शक्यता ०.०१च्या खाली गेली पाहिजे, कारण कळप म्हणजे भावंडांचाच समूह. विष्ठेतला डीएनए तुटका असल्याने दोन अ‍ॅलीलांपैकी (आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्या खुणेच्या दोन रूपांपैकी) एक हुकतो. त्यामुळे प्रत्येक खूण अनेकदा तपासावी लागते; दोन अ‍ॅलील निदान दोनदा आणि एकच अ‍ॅलील निदान तीनदा दिसला तरच ग्राह्य धरायचा. हे टाळलं तर एकाच लांडग्याचे दोन-तीन भुताटकीचे लांडगे तयार होतात, आणि आकडा वाढलेला बघून सगळे खूश होतात.

संकर तपासायला त्याच गावांतल्या २० ते २५ कुत्र्यांच्या गालातले नमुने मालकांच्या संमतीने पाठवा. परदेशी जातीच्या कुत्र्यांशी तुलना करून आपल्या माळाचं उत्तर मिळत नाही. सोलापूर किंवा विजयपूरकडचे लांडग्यांचे नमुनेही तुलनेला हवेत, नाहीतर बाहेरून आलेला ओळखायचा कशावरून?

निकाल वाचताना

एकाच कळपाचे आठ नमुने जतमधून आणि वेगवेगळ्या कळपांचे एकेक-दोन-दोन माणमधून आले, तर संगणक जतला वेगळा समूह दाखवतो. ते कुटुंब असतं, समूह नव्हे. म्हणून गटवारीचं विश्लेषण करण्याआधी जवळचे नातलग गाळायला सांगा. नमुने दोन टोकांनाच घेतले आणि मधला पट्टा रिकामा राहिला, तरी खोटी फूट दिसते. अ‍ॅलीलांची संख्या नमुन्यांच्या संख्येबरोबर वाढते, तेव्हा दोन भागांची तुलना समान नमुन्यांवर आणूनच करा. एका हिवाळ्याच्या माहितीवरून काढलेली परिणामकारक संख्या फार मोठ्या फरकासकट येते. तिला एक आकडा समजून बातमी देऊ नका.

वंशावळीत बाहेरचा लांडगा आणि त्याची पिल्लं दिसली तर वाट चालू आहे. ती राखणं हेच काम. विविधता अजून बरी आहे पण बाहेरचा एकही नाही, ही खरी धोक्याची अवस्था, आणि नेमकी तीच निर्धास्त वाटते. घट पुढच्या काही पिढ्यांत दिसणार असते.

मग करायचं काय

आमच्या मते पहिला खर्च कुत्र्यांवर व्हावा. डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज हे विषाणूजन्य रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात. आइल रॉयलवर १९८० च्या सुमाराची ५० ही संख्या पार्वोच्या साथीनंतर दोन वर्षांत १४ वर आली होती. छोट्या समूहात एका साथीत दोन जोड्या गेल्या तरी जनुकीय नुकसान दशकांचं असतं. मेंढक्यांच्या कुत्र्यांना लस दिवाळीच्या आगेमागे, मेंढरं बाहेर पडण्याआधी द्या. एकदा वाडे (मेंढरांचे तळ) हलले की माणूस सापडत नाही. पिल्लांना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस, मोठ्यांना वर्षातून एकदा, आणि लस २ ते ८ अंशांत. खरसुंडीची जनावरांची यात्रा, आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार अशा ठिकाणी पशुधन अधिकाऱ्यांसोबत टेबल लावलं की एका दिवसात बरंच उरकतं. निर्बीजीकरण गावात मोकाट फिरणाऱ्यांचं करा. वाड्याच्या राखणीच्या कुत्र्याला त्यासाठी धरायला गेलात तर मेंढका पुन्हा बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल खड्ड्यात पुरल्या तर कुत्रा-लांडगा भेटीची जागाच बंद होते.

दुसरं, वाटा. सिमेंटच्या कालव्यात पडलेला प्राणी गुळगुळीत उतारावरून वर येत नाही. खडबडीत उताराच्या पायऱ्या आणि माती टाकलेले रुंद पूल हे पाटबंधारे विभागाकडे मागायचे. कुठे, ते तुमच्या नमुन्यांच्या नकाशावरून दाखवा. महामार्गाखालच्या मोऱ्यांत गाळ-झुडपं साचू देऊ नका. माळाला पडीक समजून त्यावर गिरिपुष्पाची लागवड होऊ लागली, तर ग्रामपंचायतीच्या आणि वनविभागाच्या बैठकीत आधीच बोला. गवताळ माळावरची झाडी लांडग्याच्या कामाची नाही, मेंढरांच्याही नाही.

तिसरं, पिल्लं. एक बीळ धुराने गेलं तर वर्षभराची एका जोडीची जनुकं गेली. हे थांबवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नुकसानभरपाई वेळेवर मिळणं. मेंढी मेल्यावर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवायचं नसतं. अर्ज भरायला आणि फोटो काढायला गटातला एकजण तालुकावार नेमून ठेवा. वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) पुरेशी उंच आणि खाली फट न ठेवता लावली, आत कोकरं मध्यभागी ठेवली तर रात्रीचं नुकसान कमी होतं.

बाहेरून लांडगा आणून सोडणं हा शेवटचा मार्ग. आणलेला प्राणी परत निघून जातो, स्थानिक कळप त्याला मारतो, तो रोग आणतो, आणि गावाला न विचारता सोडला तर विषप्रयोग होतो. त्यासाठी पकडण्याच्या परवानग्या सरकारच्याच पातळीवर लागतात. अंतःप्रजननाचा पुरावा, पिल्लं जगत नसल्याची नोंद आणि वाट खरोखर बंद असल्याचा पुरावा, ही तिन्ही हातात असल्याशिवाय हा विषय काढू नये.

बिळांचे आणि नमुन्यांचे जीपीएस आकडे कुठेही जाहीर करू नका. अहवालात तालुका पुरे. मूळ वही, जनुकीय तक्ता आणि राखीव नळ्या कुणाच्या ताब्यात आहेत, हे लिहून वनविभागाच्या फाइलला लावा. त्याच चौकोनांत, त्याच खुणांच्या संचाने, पुढची फेरी तीन-चार वर्षांनी घ्या. खुणांचा संच बदलला तर दोन फेऱ्यांची तुलना होत नाही. प्रयोगशाळा बदलायचीच असेल तर राखीव नळ्यांतले २०-३० जुने नमुने नव्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्या.